फावड्याला टेकलेला माणूस

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर दोन ज्येष्ठ सभासदांचा चांगलाच वाद जुंपला. सरकारने बेकारांना काही द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कसे, हा विषय. एकाचे म्हणणे, घरबसल्या दिले की माणूस आळसावतो. काम करवून घ्यावे आणि मगच दाम द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, सरकारी कामावर माणूस काम करतो कुठे? फावड्याला टेकून उभा राहतो आणि हजेरी मात्र पुरती लावून घेतो. त्यापेक्षा सरळ शिधा वाटावा, स्वस्तात पडेल. दोघेही आपापल्या जागी ठाम राहिले आणि दिवे मालवायची वेळ झाली तेव्हा वाद अर्धा टाकून घरी गेले. आम्हांला मात्र त्या फावड्याची गंमत वाटली. कारण हेच फावडे, टेकण्याची हीच रीत आणि हाच वाद नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात घरोघर चालू होता. तिथल्या व्यंगचित्रांत सरकारी कामावरचा मजूर हटकून फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकलेला दिसे.

तो माणूस तिथे कसा येऊन उभा राहिला, हे पाहण्यासारखे आहे.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. त्यामागोमाग बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, शेतमालाचे भाव मातीमोल झाले. १९३३ च्या आरंभी दर चार कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार, म्हणजे जवळजवळ सव्वा ते दीड कोटी माणसे रिकाम्या हातांची, अशी अवस्था होती. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर हे काही निर्दय गृहस्थ नव्हेत. पहिल्या महायुद्धात उपासमारीने गांजलेल्या बेल्जियमला अन्न पुरवण्याचे प्रचंड काम त्यांनीच उभे केले होते. परंतु आपल्याच देशातील भुकेल्यांना केंद्र सरकारने थेट हातभार लावावा, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. दानधर्म शेजाऱ्यांनी करावा, गावाने करावा, फार तर राज्याने करावा. आणि गावाचे साहाय्य म्हणजे काय, तर अपमानाची पावती! काही राज्यांच्या घटनांत असे कलमच होते, की जो सार्वजनिक खर्चावर पोसला जाईल त्याने मताचा अधिकार गमवावा. १९३२ च्या उन्हाळ्यात महायुद्धातील हजारो माजी सैनिक, आपल्याला कबूल केलेली रक्कम आताच द्या म्हणून राजधानीत तळ ठोकून बसले, तेव्हा त्यांच्या झोपड्या लष्कराकरवी उठवण्यात आल्या. त्याच वर्षाच्या निवडणुकीत हूव्हर पराभूत झाले आणि ४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सूत्रे हाती घेतली.

रूझवेल्ट यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष जाते ते त्यांच्या एका सहकाऱ्याकडे, हॅरी हॉपकिन्स यांच्याकडे. आयोवा राज्यातील सू सिटी गावचा हा माणूस. वडिलांचे दुकान घोड्याच्या सामानाचे. शिक्षण संपल्यावर हॉपकिन्स न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत समाजसेवक म्हणून राहिले. प्रकृती तोळामासा, कपडे चुरगळलेले, जीभ तिखट. मे १९३३ मध्ये संघराज्याच्या आपत्कालीन साहाय्याचा कारभार त्यांच्याकडे आला. पन्नास कोटी डॉलरांची तरतूद होती. खुर्चीत बसल्यावर पहिल्या दोन तासांत त्यांनी पन्नास लाखांहून अधिक डॉलर राज्यांना देऊन टाकले. पुढे कोणी तरी त्यांना सांगू लागले, की दीर्घकाळात सर्व आपोआप सुरळीत होईल. त्यावर त्यांचे उत्तर प्रसिद्ध आहे: माणसे दीर्घकाळात जेवत नाहीत, रोज जेवतात.

हॉपकिन्स यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्हांला फार मोलाची वाटते. लोरेना हिकॉक नावाच्या एका मुरलेल्या वार्ताहर बाईंना त्यांनी देशभर हिंडायला पाठवले आणि बजावले, की मला आकडे नकोत, समाजसेवकांची भाषाही नको. साधा नागरिक म्हणून जे दिसेल ते लिहा. बाईंनी कोळशाच्या खाणींच्या वस्त्या पाहिल्या, धुळीच्या वादळांनी उजाड झालेली शेते पाहिली आणि पत्रे धाडली. त्यांतून एक गोष्ट वरचेवर पुढे येत होती. लोकांना भूक सोसवत होती. चौकशी सोसवत नव्हती. मदत मागणाऱ्याच्या घरी अधिकारी येई, कपाटे उघडून पाही, नातेवाइकांत कोण मिळवता आहे ते विचारी. पुष्कळ ठिकाणी रोख पैसे न देता वाण्याच्या नावे चिठ्ठी देत आणि त्या चिठ्ठीवर काय घ्यावे व काय घेऊ नये हे दुसरेच कोणी ठरवी. काल-परवापर्यंत हिशेबनीस असलेला, किंवा गवंडीकामात हात बसलेला माणूस आपल्या बायकोमुलांदेखत त्या चिठ्ठीने लहान होत असे.

म्हणून १९३३ च्या नोव्हेंबरात, हिवाळा तोंडावर आला असता, हॉपकिन्स यांनी रूझवेल्ट यांच्याकडून एक धाडसी योजना मंजूर करून घेतली. सरकारने स्वतःच मालक व्हायचे. शिधा नाही, चिठ्ठी नाही. काम द्यायचे आणि मजुरी रोख द्यायची. घेतलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक आधीच्या साहाय्ययादीतले आणि निम्मे केवळ बेकार म्हणून, घराची झडती न घेता! दोन-अडीच महिन्यांच्या आत चाळीस लाखांहून अधिक माणसे कामावर आली. रस्ते, शाळांची दुरुस्ती, गटारे, खेळाची मैदाने. आपल्याकडे एवढ्या अवधीत निविदेचा नमुनासुद्धा छापून होत नाही. पण ही नवलाई एक हिवाळाच टिकली. खर्च डोळ्यांवर आला, लोकांना सवय लागेल ही भीती खुद्द अध्यक्षांनाच वाटली आणि मार्च १९३४ मध्ये ते प्रकरण आवरते घेण्यात आले.

तरुणांसाठी निराळी सोय झालेली होतीच. अठरा ते पंचवीस वर्षांच्या अविवाहित मुलांना जंगलातील छावण्यांत न्यायचे, झाडे लावणे, बंधारे घालणे, वणवे विझवणे अशी कामे द्यायची. महिन्याला तीस डॉलर, त्यांतले पंचवीस थेट घरी. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले आणि त्यांनी लावलेल्या झाडांचा आकडा तीनशे कोटींच्या घरात जातो. महिन्याला घरी जाणाऱ्या त्या पंचवीस डॉलरांमुळे हे दल सर्वांना प्रिय झाले. त्याची टिंगल फारशी कोणी केली नाही.

टिंगल झाली ती १९३५ च्या मे महिन्यात निघालेल्या कार्य-प्रगती प्रशासनाची. डब्ल्यू.पी.ए. या अक्षरांनी ते अमेरिकेत घरोघरी माहीत झाले. आठ वर्षांत पंच्याऐंशी लाख माणसे त्याच्या हजेरीपटावर येऊन गेली. त्यांनी साडेसहा लाख मैल रस्ते बांधले वा सुधारले, सव्वा लाख सार्वजनिक इमारती उभारल्या वा दुरुस्त केल्या, आठ हजार बागा केल्या. हॅरोल्ड इकिस नावाचे दुसरे एक मंत्री मोठे पूल आणि धरणे कंत्राटदारांकरवी, पैन्पै तपासून बांधत होते. त्यांचे काम देखणे होई, पण संथ. आणि मंजुरीच्या एका डॉलरातील बराच भाग लोखंडात व सिमेंटात जाई. हॉपकिन्स यांना डॉलर माणसाच्या हातात हवा होता. म्हणून त्यांच्या कामांवर यंत्रे मुद्दाम कमी ठेवत. जिथे एक यंत्र आणि चार माणसे पुरली असती तिथे चाळीस माणसे फावडी घेऊन उभी केली, तर त्यांतले काही जण टेकलेले दिसणारच. व्यंगचित्रकाराने जे पाहिले ते खोटे नव्हते. फक्त ते चित्र कशासाठी तसे झाले, हे त्याने विचारले नाही.

पण या योजनेचा खरा विशेष फावड्यात नाहीच. वेतनाचे दर ठरवताना त्यांनी प्रदेश पाहिला तसाच हातातला हुन्नरही पाहिला. महिन्याला एकोणीस डॉलरांपासून चौऱ्याण्णव डॉलरांपर्यंत. आणि मग प्रश्न आला, की ज्याचा हुन्नर फावड्याचा नाही त्याचे काय? वादक आहे, नट आहे, चित्रकार आहे, वृत्तपत्र बंद पडून घरी बसलेला लेखक आहे. त्यांनाही खडी फोडायला लावायचे? कलावंतांना पोसण्याबद्दल कोणी नाक मुरडले तेव्हा हॉपकिन्स यांनी म्हटले, की त्यांनाही इतरांसारखेच खावे लागते. त्यातून संगीत, नाट्य, चित्र आणि लेखन अशा शाखा निघाल्या. जॅक्सन पोलॉक या शाखेच्या पगारावर चित्रे काढीत होते. हेन्री अल्सबर्ग यांच्या लेखनशाखेने प्रत्येक राज्याची मार्गदर्शिका सिद्ध केली. झोरा नील हर्स्टन, रिचर्ड राइट, राल्फ एलिसन हे पुढे नावारूपाला आलेले लेखक या हजेरीपटावर होते.

याच लेखनशाखेने १९३६ ते १९३८ या काळात सतरा राज्यांत हिंडून, लहानपणी गुलामी भोगलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्री-पुरुषांच्या आठवणी उतरवून घेतल्या. सत्तर वर्षे त्यांना कोणी विचारले नव्हते. विचारणारे बहुतेक गोरे होते आणि सांगणारे दक्षिणेत गोऱ्यांच्या धाकात राहणारे. तेव्हा किती मोकळेपणाने सांगितले असेल, याची शंका अभ्यासकांना आहेच. आम्हांला मात्र त्यातली एक बाब विसरवत नाही. सरकारचा माणूस वही घेऊन दारी आला, त्या अर्थी आपल्याला निवृत्तिवेतन मिळणार, अशी समजूत त्यांच्यापैकी अनेकांची झाली होती. विचारणारा स्वतःच पोटासाठी आलेला, आणि सांगणाराही.

आमच्या भगिनी-वाचकांना आवडेल अशी एक हकिकत केंटकी राज्यातील आहे. तेथील डोंगराळ मुलखात रस्ते नाहीत, ओढ्यांच्या पात्रांतून वाट. तिथे या प्रशासनाने स्त्रियांना ग्रंथपाल नेमले. स्वतःचा किंवा भाड्याने आणलेला घोडा नाही तर खेचर घ्यायचे, खोगिरावरच्या पिशव्यांत पुस्तके भरायची आणि आठवड्याला शंभर मैलांच्या आसपास रपेट करून झोपडी-झोपडीत ती पोचवायची. पगार महिन्याला अठ्ठावीस डॉलर. पुस्तके देणगीची, फाटकी. ज्यांना वाचता येत नसे त्यांना या बायका वाचून दाखवीत. पुस्तके अपुरी पडू लागली तेव्हा त्यांनी जुन्या मासिकांची कात्रणे, पाककृती आणि गोधडीचे नमुने चिकटवून वह्या बनवल्या आणि त्याही पुस्तकांसारख्या फिरवल्या. एका घरातली पाककृती अशी दहा मैलांवरच्या दुसऱ्या घरात जाई.

बाकी बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला शिवणकाम आले. एलेन वुडवर्ड या बाई स्त्रियांच्या कामांच्या प्रमुख होत्या. शाळांतून मुलांना दुपारचे जेवण रांधून वाढण्याचे कामही त्यात होते आणि अशी शंभर कोटींहून अधिक जेवणे वाढली गेली. पण या कामावर येणे स्त्रीला सोपे नव्हते. नियम असा, की एका कुटुंबातून एकच माणूस, जो घरचा कर्ता असेल तो. नवरा धडधाकट असला की बायकोला दार बंद, मग तो काम शोधून थकलेला असो की कमाई गुत्त्यात उडवणारा असो. विधवांना, टाकलेल्यांना, आजारी नवऱ्याच्या बायकांना तेवढी वाट मोकळी. शिवाय १९३३ मध्ये गाजावाजाने सोडून दिलेली झडती १९३५ मध्ये परत आली. कामावर घेण्याआधी स्थानिक अधिकाऱ्याने ‘हा खरोखर गरजू आहे’ असा दाखला द्यायचा होता.

काळ्या लोकांशी तर उघड दुजाभाव झाला. भेदभाव करू नये असा लेखी हुकूम होता. अंमल मात्र गावच्या पुढाऱ्यांच्या हाती. जंगलातील छावण्या वेगवेगळ्या. दक्षिणेत कापूस वेचणीचा हंगाम आला की कामे बंद ठेवून मजुरांना शेतमालकांच्या दारी पाठवण्यात येई, म्हणजे मजुरीचे दर चढायला नकोत. ऑगस्ट १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा जो थोर कायदा झाला, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसे प्रथम वगळली गेली. दक्षिणेतील बहुसंख्य काळी माणसे याच दोन कामांत होती. हे सारे मांडल्याखेरीज रूझवेल्ट यांच्या कारभाराची आरती ओवाळणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

उलट बाजूची टीका अशी, की हा सगळा साम्यवादी लोकांचा अड्डा आहे. नाट्यशाखेच्या संचालिका हॅली फ्लॅनगन यांना १९३८ च्या डिसेंबरात प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे केले, तेव्हा त्यांच्या एका लेखात मार्लो या नाटककाराचे नाव आले होते. एका सदस्याने गंभीरपणे विचारले, हा मार्लो कम्युनिस्ट आहे काय? ख्रिस्तोफर मार्लो १५९३ साली निवर्तला होता. सभागृहात हशा झाला खरा, पण ३० जून १९३९ रोजी नाट्यशाखा बंद झालीच.

आणि या सर्वाने मंदी हटली काय? नाही, असेच म्हणावे लागते. १९३७ मध्ये बरे दिवस आलेसे वाटून सरकारने हात आखडला, तेव्हा वर्षभरात बेकारी पुन्हा उसळली. १९३८ च्या अखेरीस हजेरीपट तेहतीस लाखांवर गेला. शेवटी कारखाने भरले ते युद्धसामग्रीच्या मागणीने. १९४३ मध्ये हे प्रशासन गुंडाळले. भाकरी रोज लागते म्हणणाऱ्या माणसाच्या योजनेला ‘तू मंदी का संपवली नाहीस’ असे विचारावे काय, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोडतो.

हे वाचताना आमचे मन वारंवार १९७२ कडे जाते. महाराष्ट्रातील त्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, पन्नास लाखांच्या आसपास माणसे सरकारी कामांवर होती. खडी, नालाबांध, पाझर तलाव. मुलांना सुकडी, रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो. आपल्या घरांपैकी कित्येकांकडे त्या वर्षी मराठवाड्यातील भाऊबंद येऊन राहिले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून जी कल्पना लावून धरली होती, तिला त्या संकटाने बळ दिले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील पगारदारांच्या व्यवसायकरातून खेड्यातील मजुरी निघू लागली. २००५ मध्ये संसदेने सर्व देशासाठी कायदा केला, त्याचे मूळ इथे आहे. अमेरिकेने जे केले ते सरकारच्या मर्जीने. महाराष्ट्राने ते मागणाऱ्याचा हक्क म्हणून लिहून दिले. आणि कर्ता कोण, हेही विचारले नाही. नवरा-बायको दोघेही कामावर गेली, बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत.

फरक दुसऱ्या अंगाने पडला. तिकडे घरात एकालाच काम, पण शक्य तेथे ज्याचे त्याचे. इकडे घरातील प्रत्येकाला काम, पण सर्वांना एकच. कायद्याचे शब्दही ‘अकुशल अंगमेहनत’ असेच होते. दुष्काळात विणकर, सुतार, शिंपी, थोडेफार शिकलेला मुलगा, सगळे एका रांगेत खडी फोडायला बसले. त्यात एक समता होती, हे खरे. पाटलाघरची सूनही त्या रांगेत बसली.

हे सारे आम्ही ओट्यावर त्या दोघांना सांगितले. शिधा वाटावा म्हणणारे, फावड्याची टिंगल करणारे गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमचे वडील बीडकडचे शिंपी. बाहत्तर साली कापड कोण शिवणार? मशीन गहाण पडले आणि ते खडीवर गेले. मी तेव्हा चौदा वर्षांचा, टोपल्या उचलायला बरोबर असे. सहा महिने हातोडा धरल्यावर बोटे अशी जाड झाली, की पुढे मशीन सुटले तरी सुईत दोरा ओवायला आईला बोलवावे लागे. तिथे ते जरा फावड्याला टेकले की मुकादम शिवी देई.

दुसरे गृहस्थ म्हणाले, मुकादमाला काय ठाऊक, हा माणूस शिंपी आहे म्हणून!

ठाऊक होते, हे म्हणाले. त्याच्या अंगातला सदरा वडिलांनीच शिवलेला होता.